भावाविरुद्ध

– विकला गेला, असंच ना? बोला की, कोच. गावानं तुम्हाला हेच सांगितलं असणार, पेट्रोल भरताना एकदा आणि पुलापाशी रस्ता विचारलात तेव्हा एकदा. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात माझ्या दिराला घ्यायला तुम्ही इतक्या लांबून गाडी हाणत आलात, शिक्षणाचा सगळा खर्च कॉलेज उचलणार, आणि आता कॉफीत चमचा फिरवत मला विचारताय, की कोल्बी अंतिम सामन्यात मुद्दाम थांबला का. थांबला. मुद्दाम थांबला. – बसा, बसा, उठताय कशाला? तो येईपर्यंत माझं ऐका. गेल्या पानगळीत लग्न करून मी त्या घरात गेले आणि दिवसभर इथे लोकांना कॉफी ओतते. कॉफी ओतणारीसमोर माणसं काय वाटेल ते बोलतात. भिंतीसमोर बोलावं तसं.

सट्टा कळतो तुम्हाला? मला नव्हता कळत. माहेरी आम्ही फार तर पैशांऐवजी काड्या लावून पत्ते खेळायचो. इथे आले तर सासरचं लोणचं शिकायच्या आधी नवऱ्यानं मला भाव शिकवले. एव्हरेट, माझा नवरा, कोल्बीचा थोरला भाऊ – वडील गेल्यापासून बापच म्हणा त्याचा. म्हणाला, हे बघ, कोण जिंकणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यात काय मजा? किती गुणांनी जिंकणार, त्याचा भाव असतो. आमच्या गावात तो भाव काढतो हॉब्स टायरवाला. शाळेतल्या पोरांच्या सामन्यावर! धड मिसरूड फुटलेलं नाही, रात्री आई दूध देते ती पोरं, आणि मोठी माणसं त्यांचे गुडघे चाचपून बघतात, बाजारात बैल बघावा तसे. शी!

तर सोमवारी हॉब्सनं भाव काढला साडेचार. म्हणजे काय? म्हणजे तुम्ही आपल्या पोरांवर पैसे लावले आणि ती पाचनं जिंकली तर तुमचं भलं, चारनं जिंकली तर तुम्ही हरलात. पोरं जिंकली तरी तुम्ही हरलात – येतंय का लक्षात? आणि तो अर्धा गुण! बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण कुणी करून दाखवावा मला. पण तो ठेवतातच, म्हणजे बरोबरी होत नाही, कोणीतरी मरतंच. मग गाव धावलं. आपली पोरं, आपली पोरं! जो तो एकाच बाजूनं लावतोय म्हटल्यावर हॉब्सचा तराजू कलंडला, त्यानं भाव चढवला, साडेपाच. तरी रांग. शनिवारी, सामन्याच्या सकाळी, साडेसहा. पोरं तीच हो! त्यांच्या तंगड्या काही आठवड्यात लांब झाल्या नव्हत्या. गावाच्या मायेनंच भाव चढला आणि त्याच भावावरून गाव तोंडावर आपटलं. कारण आपण जिंकलो सहानं. सहा!

शेवटी काय झालं ते सांगते, मी वरच्या बाकावर होते. सहानं पुढे, घड्याळ संपत आलेलं, चेंडू कोल्बीच्या हातात आणि बास्केटखाली चिटपाखरू नाही. सगळे किंचाळतायत, टाक! टाक! – मला वाटलं आनंदानं. आनंद कसला डोंबलाचा! आणखी दोन गुण झाले की यांचे पैसे सुटत होते. आणि हा चेंडू पोटाशी धरून उभा, चर्चमध्ये टोपी हातात धरून उभं राहावं तसा. हरलेल्याच्या तोंडाला आणखी काळं फासायचं नाही, ही जुनी रीत. तुम्हाला मी काय सांगू. भोंगा वाजला. समोरचा एक पोरगा रडत होता, त्याच्या पाठीवर कोल्बीनं हात ठेवला. आणि माझ्या शेजारी आमचे दातांचे डॉक्टर – लहानपणी कोल्बीची दाढ फुकट काढली होती यांनी – राज्याचं अजिंक्यपद गावात आलंय आणि हा माणूस मटकन बसून म्हणतो, "मेलो."

दुसऱ्या दिवशी पोरांना आगीच्या बंबावर बसवून मिरवलं, इथली रीतच आहे ती. टाळ्या कोण वाजवतंय आणि हाताची घडी कुणाची, एवढं बघून मी सांगितलं असतं कुणी सोमवारी लावले आणि कुणी शनिवारी. डॉक्टर ओरडले, "किती मिळाले रे, कोल्बी?" पोरगं हसलं. त्याला वाटलं गुण विचारतायत. वरून ओरडून सांगतंय, "बावीस! बावीस!" – आणि लोक एकमेकांकडे बघून असे हसले ना, कोच, मी तिथेच तोंड फिरवलं. अजून फिरवते. यांच्या कपात साखर घालताना फिरवते.

आणि वर मला विचारतात, त्याला थांबायला सांगितलं कुणी? सांगते की! ताठ मानेनं सांगते. माझ्या नवऱ्यानं. सामन्याच्याच सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात. मी पॅनकेक उलटत होते, एव्हरेटनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "शेवटी पुढे असलास ना, तर चेंडू धरून उभा राहा. बाबा असते तर हेच म्हणाले असते. पाच-सहाची आघाडी पुष्कळ झाली, जास्तीचा माज नको." मला इतकं भरून आलं की पॅनकेक करपला. म्हटलं, चांगला माणूस पदरात पडला गं बाई. आता सांगा, हे विकलेल्या घराचं बोलणं आहे?

काय? आमच्या घरी? नाही, कुणी नाही लावले. म्हणजे – एव्हरेटनं लावले होते. पण या मूर्खांसारखे नाहीत हो! तो हिशेबी. भाव साडेसहाला गेल्यावर अख्ख्या गावात त्यानं एकट्यानं उलट्या बाजूनं लावले, पोरं सातनं जिंकणार नाहीत यावर. मी म्हटलं, अरे, भाऊ खेळतोय तुझा! तर हसला. म्हणे, "मी भावाविरुद्ध लावतोय, भावाविरुद्ध नाही." हॉब्सच्या भावाविरुद्ध, घरातल्या नाही, असं. मला नाही आवडलं, पण त्यानं समजावलं – गाव आंधळं झालंय, भाव फुगलाय, पाच-सहावर आटोपलं तर –

पाच-सहावर.

नाही, काही नाही. हॉब्सकडे तो – आधी गेला होता. हो. जाऊन आला आणि मग न्याहारीला बसला.

असे बघू नका माझ्याकडे. पोराला काही माहीत नाही. त्याला वाटतं तो वडिलांसाठी उभा राहिला. – तो बघा, रस्ता ओलांडतोय, इस्त्रीचा शर्ट घालून. विचारा त्याला, हवं ते विचारा, पैसे घेतलेस का विचारा, नाही म्हणेल आणि खरंच सांगेल. फक्त कुणी शिकवलं ते विचारू नका. कारण तो सांगेल हो, छाती फुगवून सांगेल, आणि सांगता सांगता तुमचा चेहरा बघेल.

मी काय बोलले? काही नाही बोलले. मी कॉफी ओतते इथे. तो कप द्या इकडे. खिडकीपाशी जाऊन बसा, आणि माझ्याकडे वळून बघू नका. जा म्हणते ना!