‘दे लाईन’ आत्ता लावू नका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय भगवानराव, व्यासपीठावरील मान्यवर, चौतीस वर्षं आपल्या गावाची लाईन सांभाळून आज निवृत्त होणारे धावजीभाऊ राठोड, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या बिजलीवहिनी, बोरी अरबहून आणि तांड्यावरून आलेल्या माझ्या माताभगिनी, आणि मागं उभं राहून “गाणं लाव ना बे” म्हणून ओरडून राहिलेली तरुण मंडळी, सर्वांना कपिलचा नमस्कार.

मोटर रिवायंडिंगचं दुकान ही माझी भाकर आणि ‘थ्री फेज’ हा आपल्या गावचा रॉक बँड हे माझं खूळ. मला दोन मिनिटं दिली होती. त्यानंतर धावजीभाऊंच्या सन्मानार्थ आमचं ‘दे लाईन’ वाजणार होतं. साउंडवाले भाऊ, मी हात जोडतो, ते गाणं लावू नका. हसू नका हो, गंमत नाही ही.

अर्ध्या तासापूर्वी लाईन गेली. हा माईक जनरेटरवर चालू आहे. धावजीभाऊ सवयीनं उठले, तर त्यांच्या लेकीनं, बबितानं, जी आता स्वतः लाईनमन आहे, त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. “बस बा. आता तुयं झालं. मी पाह्यतो,” म्हणाली. आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. या घडीला ती भगवानरावांच्या वावरात, कपाशीच्या पऱ्हाटीतल्या पोलवर चढलेली आहे. देवळामागच्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरपाशी, लाईन बंद करायचं हँडल खाली पाडून प्रेमसिंग उभा आहे. तो दुसऱ्या गावाहून मदतीला आलेला माणूस. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आणि मी बोलायला उठलो तेव्हा काय पाहिलं? प्रेमसिंगचा फोन इथं, अध्यक्षांच्या पाण्याच्या बाटलीजवळ, चार्जिंगला लावलेला! नयनला, आमच्या ड्रमवाल्याला, दोघांना सावध करायला मी मोटरसायकलवर पिटाळलं. बबिताला धावजीभाऊंनी तीनदा फोन लावला, पण पोलवर असताना ती फोन उचलत नाही. ते तिला बापानंच शिकवलं.

तर फोन नसला की काम कसं चालतं? तोंडानं. पोलवरचा माणूस काम करतो, खाली उतरतो, जमिनीला पाय टेकले की आरोळी ठोकतो, “दे लाईनऽऽ!” डीपीवरचा माणूस हँडल वर टाकतो. बस. या दोन शब्दांवर जीव असतो.

तीच आरोळी आमच्या गाण्याच्या सुरुवातीला आहे. आवाज धावजीभाऊंचा. तुम्हाला वाटतं त्यांनी हौसेनं दिला. नाही जी. ते कामावर होते आणि आम्ही बांधावर मोबाइल चालू करून बसलो होतो. मग नयननं खूळ काढलं, की जुन्या कॅसेटला जशी ‘बी साइड’, म्हणजे मागची बाजू, असायची, तशी आपल्या गाण्यालाही दोन गाणी जोडू. ‘दे लाईन’ अकरा लाख लोकांनी ऐकलं. लग्नात वाजलं, मिरवणुकीत वाजलं. बी साइडची ‘डवरणी’ आणि आईवरचं ‘याडी’ ही गाणी दोनशे बारा वेळा लागली, त्यातली शंभर वेळा तर माझ्या आईनंच लावली असतील.

काहून ऐकलं नाही लोकांनी? त्यांना दोष कायले देऊ, आम्ही तरी कुठं नीट ऐकलं होतं! ‘याडी’च्या शेवटी वाजवणं थांबतं आणि धावजीभाऊंचं बोलणं आहे. त्या दिवशी मोबाइल चालूच राहिला होता, त्यातला तो तुकडा आम्ही गंमत म्हणून ठेवला. त्यात ते म्हणतात, “पोट्टेहो, रेकॉर्ड करून राह्यले का? पुसा ते. हे आरोळी खोटी मारत नसते.”

सांगितलं होतं माणसानं. आम्ही पुसली नाही, विकली.

मागच्या सोयाबीनच्या काढणीत धावजीभाऊंचा डावा हात भाजला, हे गावाला ठाऊक आहे. स्वतःचीच चूक झाली, असं त्यांनी ऑफिसात लिहून दिलं. ते खोटं आहे. धावजीभाऊ, मला आज थांबवू नका, डोळे वटारू नका. भरदुपारी ते पोलवर होते, डीपीवर त्यांचा हेल्पर बबलू होता. रस्त्यानं मळणीवाल्यांचा ट्रॅक्टर चालला होता आणि त्यावर मोठ्या बॉक्सवर आमचं गाणं लागलं. आधी नुसती आरोळी, मग दोन मात्रा शांतता, मग नयनचा ड्रम. त्या दोन मात्रांत बबलूचा हात उठला. बबलूला ते गाणं तोंडपाठ होतं हो! पण माणूस कामावर असला की त्याचा कान गाणं ऐकत नाही, हाक ऐकतो. वर तारांवर अर्थिंगची साखळी टाकलेली होती म्हणून फ्यूज उडाला आणि हातावर भागलं. बबलूची नोकरी जाऊ नये म्हणून भाऊ गप्प राहिले. मी मात्र भीतीनं गप्प राहिलो. त्यानंतर कुठंही ते गाणं लागलं की मी आधी वर बघतो, जवळच्या पोलवर कोणी आहे का.

आज आपले भोंगे कुठं तोंड करून आहेत? देवळाकडे, म्हणजे प्रेमसिंगकडे. आता कळलं, मी माईक का सोडत नाही?

अध्यक्षमहोदय, वेळ झाली हे मला दिसतं, चिठ्ठी नका पाठवू. मी इथंच…

पंखे फिरले.

थांबा! टाळ्या नका वाजवू. “लाईन आली, लाईन आली” काय करता, बबिता कुठं आहे? कोणाच्या फोनवर लागलं होतं का ते गाणं? बाहेर कोणी गाडीत लावलं का? बोला ना! बिजलीवहिनी, बसा, पाणी द्या कोणी त्यांना. धावजीभाऊ, पुन्हा लावा फोन. लावा ना जी.

उचलला? माईकजवळ धरा. बाई, बोल.

ऐकलं का सर्वांनी? “बा, मी डीपीपाशी आहो. नयननं सांगतलं सारं. मी चालत आलो अन् हँडल माह्या हातानं टाकलं.” बाई, एकदा अजून बोल, तुझ्या आईनं ऐकलं नाही. हो, ऐकलं आता.

मला जरा डोळे पुसू द्या.

तरुण मंडळी, ते गाणं आम्ही आज रात्रीपर्यंत सगळीकडून काढतो. पण तुमच्या फोनमधलं आम्हाला काढता येत नाही, ते तुम्हीच काढायचं. आणि प्रत्येक गावात तसा एक फोन असेल, या विचारानं मला पुढंही झोप लागायची नाही.

अध्यक्षांनी रागावूनसुद्धा मला माईकवर राहू दिलं, आपण गाण्यासाठी येऊन माझी बडबड ऐकली, सर्वांचे आभार. वक्ते शेवटी म्हणतात, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बोलण्याचं राहू द्या. धावजीभाऊ, तुमची हाक मी चोरली होती. तेवढं पोटात घाला.