अफू कुणाच्या नावावर

म्हातारी माणसं शहाणी असतात म्हणता? मग ऐका. बी.एस्सी. होऊन मी बेळगावच्या एका दवाखान्यात केसपेपरवर रोगाचं नाव आणि त्याचा ठरलेला नंबर घालायला लागले होते. एका दुपारी वडगावच्या आप्पांना अफू जास्त झाली म्हणून आणलं. डॉक्टर आत त्यांचं पोट धूत होते आणि बाहेर त्यांचे थोरले भाऊ अण्णा माझ्या टेबलाला चिकटले होते.

"आक्का, पोटदुखीचा नंबर घाला. आप्पाच्या पोरीचं लगीन निपाणीत ठरलंय. बाप अफू खातोय कळलं तर मोडंल की!"

"उद्या परत आणलंत तर हा कागद बघून डॉक्टर पोटदुखीचं औषध देतील. मग आप्पा हातचे जातील."

अण्णांनी बराच विचार केला. "मग अफू माझ्या नावावर घाला. माझ्या पोरी उजवल्यात."

मी वैतागून अण्णांच्या नावाचा, अफूचा नंबर घातलेला नवा केसपेपर केला आणि आत पाठवला. पाच मिनिटांत दोन धिप्पाड वॉर्डबॉय पोट धुवायची रबरी नळी घेऊन बाहेर आले आणि अण्णांचं नाव पुकारलं.

अण्णा बाकावर चढले. "मी न्हवं! आतला खातोय! धा वर्षं झाली! सकाळी एक गोळी, सांजला दोन! लिवा आक्का, समदं लिवा!"

एवढी खरी आणि पूर्ण माहिती मला त्या नोकरीत पुन्हा कुणीच दिली नाही.