खाटेखालचं पाणी

लातूरच्या एका दवाखान्यात मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर एकमेकींच्या ओळखीच्या दोन बायकांची गाठ पडली.

"अंबिका, तू इकडं? कोण आजारी हाय?"

"सासूबाई. आत डॉक्टर तपासून राहिलेत त्यांना. छातीत दुखत होतं, पण आम्हाला बोलल्याच न्हाईत. शेजारणीनं सांगितलं."

"असं कसं? बसम्माकाकू तर लई बोलक्या."

"होत्या. उन्हाळ्यात म्हणायच्या, माझ्या खाटेखाली पाणी वाहून राहिलंय, मला ऐकू येतंय. बघावं तर फरशी कोरडी. हे म्हणाले, आईला भास होऊन राहिलेत. डोक्याच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू केल्या. दिवसभर गुंगीत पडून राहायच्या."

"मग?"

"टाकी भरली की आपोआप रिकामी व्हायला लागली, तवा प्लंबर बोलावला. त्यानं सगळे नळ बंद केले अन् फरशीला कान लावत फिरला. खाटेखालीच फोडलं. पाईप चिरलेला, खालची माती वाहून गेलेली."

"अगं बाई! मग काकूला काय म्हणलात?"

"काय म्हणावं? गोळ्या बंद केल्या. हे पाया पडले त्यांच्या. जाऊ दे बाबा, म्हणाल्या. तवापासून सोताहून काही सांगतच न्हाईत. जेवलात का? हाव. बरं हाय का? हाव."

दार उघडून नर्स बाहेर आली.

"बसम्मांच्या सोबत कोण आहे? आत या. कुठं दुखतंय विचारलं, तर म्हणतात, माझ्या सुनेला विचारा."