सावळारामच्या पायांतील सात शेर

पोलीस ठाणे वेल्हे. तारीख १९ सप्टेंबर १९३८, वार सोमवार, सकाळी दहा वाजता.

नाव मौलाली हुसेन पिंजारी, वय वर्षे ५६, धंदा गाद्या-रजया भरणे व तालमीत शिकवणे, मूळ राहणार भोर, गेली चौदा वर्षे राहणार मार्गासनी. मला कोणी बोलावले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो असून फौजदारसाहेबांसमोर सांगतो ते असे.

मार्गासनी गावच्या तालमीचा मी वस्ताद आहे. मयत सावळाराम राघू शेडगे, वय २४, हा माझ्याकडे नऊ वर्षे शिकत होता. त्याची बायको अंबूबाई पहिल्या बाळंतपणासाठी आषाढात माहेरी वरवे बुद्रुक येथे गेली. त्याचा थोरला भाऊ भिमा वेगळा राहतो. बांधाच्या तंट्यामुळे दोघांचे बोलणे नव्हते. म्हणून सावळाराम दोन्ही वेळा माझ्या घरी जेवत असे. माझी बायको सकिना त्याला वाढत असे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या कुस्त्यांच्या फडात आंबवड्याच्या गेनू पैलवानाने सावळारामचा पट काढून, म्हणजे पाय धरून ओढून, त्याला चीत केले. सावळारामचे वरचे अंग चांगले होते. गळ्यात दगडी नाळ, म्हणजे वजनाचे जड कडे, घालून तो तीनशे बैठका काढी. ती नाळ मला आता दोन्ही हातांनी उचलवत नाही. पाय मात्र हलके होते. यंदा पुन्हा गेनूशीच जोड ठरली होती. पायांवर मेहनत घ्यावी असे मी ठरवले.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दोन्ही पोटऱ्यांना वजनाच्या पिशव्या बांधल्या. गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाच्या त्या पिशव्या सकिनाने शिवल्या. आधी त्यांत नदीची वाळू होती, प्रत्येकी दोन शेर. गोकुळाष्टमी झाल्यावर वाळू काढून लोहाराकडचा लोखंडाचा चुरा भरला, प्रत्येकी साडेतीन शेर. त्याने चालताना, शेतात काम करताना, झोपतानाही त्या पायांत ठेवायच्या आणि फडाच्या आदल्या दिवशी सोडायच्या, म्हणजे पाय वाऱ्यासारखे हलके पडतात, असा माझा हिशेब होता. बातमी आंबवड्याला जाऊ नये म्हणून ही गोष्ट मी, सकिना व सावळाराम याखेरीज कोणास सांगितली नव्हती. धोतर खाली सोडले की पिशव्या दिसत नसत. या दिवसांत मी त्याला लंगोट लावून कुस्तीला उतरवत नव्हतो.

पिशव्यांच्या गाठी शिवलेल्या कशा, असे विचारल्यावरून सांगतो की, त्या मी शिवल्या. वजन वाढवल्यावर सावळारामच्या नडग्या सोलल्या होत्या. एके दिवशी त्याने मला न विचारता पिशव्या सोडून ठेवल्या. मी त्याला तालमीत सर्वांदेखत, पिशव्यांचे नाव न घेता, मातीत उभा करून बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. तो खाली मान घालून "चुकलं वस्ताद" एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून मी गाठ मारून तीवर गादीच्या सुईने सातआठ टाके घालू लागलो. दर शनिवारी मी टाके उसवून पाय धुई, तेल लावी आणि पुन्हा शिवी. माझ्या वस्तादांनीही मला तरुणपणी अशा पिशव्या बांधल्या होत्या. ते नुसती गाठ मारीत. शिवण्याची रीत माझी.

तारीख १५, गुरुवार, सकाळी आठच्या सुमारास मी व सावळाराम गुंजवणी नदी जिथून पायी ओलांडतात त्या उतारावर गेलो. पलीकडच्या टेकडीचा चढ त्याने रोज दहा वेळा चढायचा, असा नेम होता. एरवी तिथे गुडघाभर पाणी असते. वर डोंगरात पाऊस झाल्यामुळे त्या दिवशी पाणी मांडीच्या वर होते आणि गढूळ होते. सावळाराम काठावर थांबला. आमच्यात बोलणे झाले ते असे.

तो म्हणाला, "वस्ताद, आज पाणी लई हाय. आज हिकडंच पळतो, उद्या जातो पल्याड."

मी म्हणालो, "पायात सात शेर हायती. तुला पाणी काय हलवतंय?"

तो म्हणाला, "तळ दिसत न्हाई."

मी म्हणालो, "गेनूबी असाच पाणी बघत बसला आसंल का?"

त्याने धोतर खोचले. मीही उतरत होतो तेव्हा तो म्हणाला, "तुमचं गुडघं दुखत्यात. तुमी हितंच ऱ्हावा, म्या येतो जाऊन." आणि पाण्यात गेला.

निम्म्या नदीपर्यंत तो नीट गेला. वजनामुळे त्याचे पाऊल खरोखरच हलत नव्हते. मी काठावरून त्याला "शाबास" म्हणालो. त्यानंतर त्याचा पाय खड्ड्यात गेला असावा. तो एकदम गळ्यापर्यंत खाली गेला आणि प्रवाहाने त्याला उताराखालच्या डोहाकडे ओढले. तो हात मारीत होता, पण पाय वर येत नव्हते. मग तो वाकून पाण्याखाली गेला. मला आधी वाटले बुडाला. तो गाठ सोडवीत होता. वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "वस्ताद, टाकं." त्यानंतर तो वर आला नाही.

मी छातीपर्यंत पाण्यात गेलो. मला पोहता येत नाही. माझ्याजवळ चाकू नव्हता, काठी नव्हती. मी डोक्याचा पटका सोडून त्याच्या दिशेने टाकला, तो वाहून गेला. मग मी काठाकाठाने वळणापर्यंत पळालो. तिथे कोणी माणूस नव्हते. उन्हे चांगली वर येईपर्यंत मी तिथे होतो.

घरी गेल्यावर सकिनाने भाकऱ्या थापल्या होत्या. तिने "सावळाराम कुठं हाय?" असे विचारले. मी "वरव्याला बायकोकडं गेला" असे सांगितले. कपडे ओले का, असे विचारले तेव्हा नदीत पाय घसरला म्हणालो. त्याच्या वाटणीची भाकरी तिने संध्याकाळी गाईला घातली. शुक्रवारी तालमीत पोरांनी विचारले, त्यांनाही मी तेच सांगितले. हे कोणास का सांगितले नाही, असे साहेब विचारतात. मला सांगता येत नाही. भीती वाटली हे खरे आहे, पण नुसती भीती नव्हती.

शनिवारी दुपारी कोंडिबा भोई याला वळणाच्या खाली करंजाच्या मुळांत प्रेत अडकलेले दिसले. पोलीस पाटील, पंच व गावकरी जमले. मीही गेलो. पाटलांनी धोतर वर केले तेव्हा पिशव्या दिसल्या. पाटील म्हणाले, "ह्याला कुणीतरी वजन बांधून बुडवलाय. गाठी बघा, शिवलेल्या हायती. सोताच्या पायाला कोण असं शिवल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वस्ताद, हे काय असंल?" मी "ठाऊक न्हाई" असे उत्तर दिले. पंचनाम्यात तसे लिहिले आहे. ते खोटे आहे. उजव्या पायाच्या गाठीचे टाके निम्मे तुटलेले होते आणि मयताच्या बोटांची नखे उलटलेली होती, हे मी त्या वेळी पाहिले. ते पंचनाम्यात आले आहे की नाही, मला माहीत नाही.

अंबूबाईला रविवारी सकाळी बैलगाडीने वरव्याहून आणले. ती अकरा दिवसांची बाळंतीण आहे, मुलगा झाला आहे. सावळारामला मुलाची खबर मिळाली होती. फड झाला की बघायला जातो, असे तो म्हणत असे. आधी एक दिवस जाऊन येतो म्हणून त्याने मला विचारले होते, मी जाऊ दिले नव्हते. अंबूबाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "वस्ताद, त्येंला लई तरास झाला आसंल का?" मी म्हणालो, "न्हाई. पाण्यात कळत न्हाई." हेही खोटे आहे.

अग्नी भिमाने दिला. त्यानंतर शिपाई त्याला धरून घेऊन निघाले, कारण गेल्या वर्षी बांधाच्या भांडणात त्याने सावळारामला "नदीत बुडवीन" असे चारचौघांत म्हटले होते. भिमा माझ्यासमोर थांबून म्हणाला, "वस्ताद, तुमी तरी सांगा. आमी भांडलो, पर त्यो माझा भाऊ व्हता. म्या त्याला खांद्यावर घिऊन हिंडलोय." मी खाली बघितले. शिपायांनी त्याला पुढे नेले.

मी घरी आलो तेव्हा सकिना दारात बसली होती. प्रेताजवळ बायका गेल्या होत्या त्यांत तीही होती. तिने पिशव्यांचे कापड ओळखले होते. ती म्हणाली, "त्या पिशव्या माझ्या हातच्या. टाकं तुमच्या हातचं. भिमा उगा आत बसलाय." मग ती म्हणाली, "सकाळी तुमी जाता का मी जाऊ?" मी जातो म्हणालो. आज पहाटे निघालो आणि पायी इथे आलो. गुडघ्यांमुळे वेळ लागला.

खातरीसाठी गादीची सुई व उरलेला दोरा सोबत आणला आहे, ते हजर करतो. गाठीवरच्या दोऱ्याशी ताडून पाहावा. कापडाचा उरलेला तुकडा सकिनाजवळ आहे. भिमा राघू शेडगे याचा या प्रकाराशी काही संबंध नाही. गुरुवारी सकाळी तो नदीवर नव्हता. सकिनाला पिशव्या कशासाठी हव्यात एवढेच ठाऊक होते. गाठी शिवल्याचे तिला रविवारपर्यंत माहीत नव्हते, म्हणून तिच्याकडे दोष नाही.

सावळारामला पोहता येत होते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, येत होते. लहानपणापासून तो त्याच डोहात पोहत असे. पिशव्या नसत्या तर निघाला असता काय, असे विचारल्यावरून सांगतो की, निघाला असता. नुसती गाठ असती तर काय, असे विचारल्यावरून सांगतो की, तरीही निघाला असता.

माझा जबाब कारकुनांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "मयत आपल्या मर्जीने पाण्यात उतरला" असे वाक्य आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मयत वस्तादाच्या सांगण्यावरून पाण्यात उतरला" असे लिहिले आहे. कारकून म्हणाले की पहिले वाक्य राहिले तर तुमच्याच फायद्याचे आहे. मला ते समजले आहे. दुरुस्त केल्यावर वाक्य पुन्हा वाचून घेतले. आता मजकूर मी सांगितला तसा आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.