मुंबईत बसलेला आप्पा

(मुंबईचा एक अजबखाना. निपाणीकडच्या शहापूरची राजाबाई, तिच्या भावाचा मुलगा परशराम आणि तिथला पहारेकरी.)

राजाबाई : आनि ह्यो वाघ? पोटातनं पेंढा बाहीर आलाय त्येच्या. ह्येच्यापरास आमच्या गावाकडच्या खासबागेतली मांजरं बरी. त्यास्नी उंदीर तरी भित्यात.

परशराम : आत्ती, हळू बोल. लोक बघाय लागल्यात.

राजाबाई : बघूंदेत की. काल त्या आरशांच्या तंबूत मी पैसं देऊन माझंच तोंड बघितलो, त्ये बी भोपळ्याएवढं. त्येवढ्यासाठी मुंबईला कशाला याय पायजे? घरातली परात घासून बघितलो असतो.

परशराम : तूच म्हनलीस, आलोय तर समदं बघून घिऊ. चालून चालून माझा पाय सोलटून निघालाय.

राजाबाई : चपलीला बोल लावू नगं. तुझ्या डाव्या पायाचं त्ये बोट, अंगठ्यावर चढून बसलंय फौजदारासारखं. त्येच्या मापाची चप्पल अजून कुनाला जमली न्हाय.

परशराम : माझ्या बोटाचं ऱ्हाऊ दे. आप्पा कुठं हाय त्ये इचार.

राजाबाई : ओ दादा! आमचा भाऊ कुठं बसवलाय?

पहारेकरी : कोण भाऊ? इथं माणसं नाय बसवत, बाय. इथं वस्तू असतात.

राजाबाई : भरमू त्येचं नाव. शहापूरचा इणकर. पलेगाच्या साली तुमच्या मुंबईचा एक मूर्तीवाला मास्तर आमच्या दारात आलता. अकरा दिस मागाम्होरं बसून त्येनं माझ्या भावाची मूर्त केली. डोळ्याला डोळा, नाकाला नाक. हितं मांडाय म्हनून माग बी सुटा करून संगं घिऊन गेला. दोन म्हैन्यांत शहापुरात उंदरं पडाय लागली, आमी रानात झोपडी घातली, आनि भाऊ त्या झोपडीतच गेला.

पहारेकरी : आणि हा?

राजाबाई : ह्यो तवा पाळण्यात. बापाला अंगठा चोखून दाखवत हुता.

परशराम : आमच्याकडं फोटू बी न्हाय त्येंचा. फुडल्या म्हैन्यात माझं लगीन हाय, निपाणीची पोरगी. आई म्हनली, अक्षता पडायच्या आदी बापाचं तोंड बघून ये. बावीस वर्सं सांगतीया मला, तुझा आप्पा मेला न्हाय, मुंबईत बसून इणतोय म्हनून.

पहारेकरी : विणकर होय? तो बघा, सोनाराच्या मूर्तीच्या पल्याड. पण दोरीच्या अलीकडनं बघायचं. हात लावायचा नाय. पाटी आहे ती बघा.

राजाबाई : आम्ही काय त्येला गुदगुल्या कराय आलोय? चल रं.

परशराम : आत्ती, ह्योच की! इणायचा धोटा हातात हाय बघ. बोल की काय तरी.

राजाबाई : थांब, डोळं पुसू दे. हां. आता बघू दे. … ह्यो कोन रं?

परशराम : म्हंजे?

राजाबाई : ह्यो भरमू न्हवं. असल्या मिशा आमच्या घराण्यात कुनाच्या बापाला न्हाईत. तुझ्या आज्ज्याला तर मोजून सात केस हुते. आनि गालफडं बघ, रोज बासुंदी हाणल्यासारखी! भरमू कसा हुता, काडीसारखा.

परशराम : नीट बघ, आत्ती. वर्सं झाली. इसरली असशील.

राजाबाई : इसरीन कशी? आनि थांब जरा. त्यो सोनार बघ.

परशराम : त्येचं काय?

राजाबाई : त्याच मिशा. आनि त्यो कुंभार? त्योच. पल्याड त्यो भटजी पोथी घिऊन बसलाय, त्येला शेंडी लावलीया तेवढीच, तोंड त्येच! आरं, भटजी आनि कुंभार एका तोंडाचं? शहापुरात असं झालं असतं तर पंचायत बसली असती.

पहारेकरी : हळू, बाय, हळू. त्याचं असं आहे, जुने लोक सांगतात, मूर्ती आल्या तेव्हा आगगाडीत सगळ्यांची मुंडकी फुटली. धडं तेवढी शाबूत. मास्तर तोवर दुसऱ्या कामाला लागलेला. मग कोणीतरी एक साचा केला आणि सगळ्यांना एकच डोकं बसवलं.

राजाबाई : म्हंजे माझ्या भावाचं डोस्कं फुटून कचऱ्यात गेलं?

पहारेकरी : मी तेव्हा नव्हतो ओ इथं.

परशराम : दोन दिस गाडीत बसून आलो, आत्ती. आईला काय सांगू? आप्पा मुंबईत न्हाय, कोन तरी मिशावाला बसलाय म्हनून सांगू?

राजाबाई : रडतोस व्हय? हितं वाघाम्होरं?

परशराम : तूच सांग मला. तोंड कसं हुतं त्येंचं?

राजाबाई : काडीसारखा हुता. हसला की… हसला की काय व्हायचं बरं? खरं सांगू, परशा? मला बी आठवंना झालंय. ह्यो न्हाय एवढं कळतंय, पर कसा हुता त्ये डोळ्याम्होरं येईना. सख्खा भाऊ माझा. म्हनून तर ह्या वयात गाडीत बसून धक्के खाल्ले. तुला सोबत पायजे ह्ये निमित्त हुतं.

परशराम : असूंदे. चल.

राजाबाई : चल. … आता काय बघतोस?

परशराम : माग. माग खरा हाय, आत्ती. आमचाच. आई सांगती त्यो, फणीच्या कडंला आज्ज्यानं मारलेला खिळा बघ. उभ्या सुताचा ताणा बी बरोबर वडलाय. एवढा खरा माग मांडलाय म्हंजे खाली खड्डा असनार.

पहारेकरी : कसला खड्डा?

परशराम : इणकर ज्यात पाय सोडून बसतोय, त्यो. वरनं हात दिसत्यात तेवढंच. माग चालतोय पायानं, खाली पावड्या असत्यात, त्या दाबायच्या. तुमी कवा वाकून बघितलं न्हाय?

पहारेकरी : अकरा वर्षं इथं उभा आहे. लोक येतात, मिशा बघतात, जातात. ए, ए! जमिनीवर कशाला झोपतोस? कपडे मळतील!

परशराम : आत्ती.

राजाबाई : काय?

परशराम : मास्तरानं पाय बी केल्यात.

राजाबाई : केलं असतील. उठ.

परशराम : डाव्या पायाचं बोट अंगठ्यावर चढलंय.

राजाबाई : … सरक. सरक म्हनतोय न्हवं! मला वाकू दे. धर माझा हात.

परशराम : दिसलं?

राजाबाई : दिसतंय रं. भरमूच ह्यो. टाचंची भेग बी केलीया त्या मेल्यानं. आमची आई तेल चोळायची त्या भेगंला, आनि ह्यो गुदगुल्यांनी हसून लोळायचा. … हसला की डोळं मिटायचं त्येचं, परशा. एकदम मिटायचं. तुझ्यागत.

परशराम : माझ्यागत?

राजाबाई : तुझ्यागतच की. आता आलं डोळ्याम्होरं. पायाला धरून आलं बघ.

पहारेकरी : बाय, उठा आता. वरचा साहेब चक्कर मारायला येईल.

परशराम : आत्ती, आईनं तोंड बघून याय सांगितलंय. तिला काय सांगायचं?

राजाबाई : तोंड घिऊन काय करायचंय? लगनाआदी बापाच्या पाया पडत्यात, मिशांच्या न्हाय. बावीस वर्सांत एकदा तरी त्येच्या पाया पडाय मिळालं का तुला? आता पड.

परशराम : दोरी हाय. पाटी बी हाय.

राजाबाई : ओ दादा, लेकराला एकदाच…

पहारेकरी : मी त्या वाघाकडं जाऊन येतो. पेंढा बाहेर आलाय म्हणता ना त्याचा.

परशराम : आनि पाटी?

पहारेकरी : पाटीवर हाताचं लिहिलंय, बाबा. डोक्याचं काय लिहिलेलं नाय.