उरलेले युनिट कुणाचे?

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. आपल्या माणसाचं मोजावं, की मोजू नये?

"मोजू नये!" — पाहा, लगेच उत्तर आलं! पुढच्या रांगेतल्या काकू, किती ठाम आहात तुम्ही! मला इतकं ठाम होता येत नाही. मोजावं म्हटलं तरी चुकतं, न मोजावं म्हटलं तरी चुकतं. हा गोंधळ घेऊनच मी आज तुमच्यापुढे उभी आहे. आपण सगळे मिळून सोडवू — सुटला तर!

ऐका. बार्शीत भीमाशंकर शेटे नावाचे गृहस्थ होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. उभा जन्म कापडगिरणीत गेला, तोही साचेखात्यात — म्हणजे जिथे माग चालतात तिथे. एका छताखाली शेकडो माग खडखडताहेत! शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू येत नाही! मग ही माणसं बोलत कशी? ओठांवरून! पलीकडच्या टोकाला कुणाचे ओठ हलले की अलीकडच्याला कळलं — "चहा आला!" "साहेब आला!" "गेला एकदाचा!" पेटीवाले सदूभाऊ हसताहेत. सदूभाऊ, मी गाताना तुमचे ओठ काय पुटपुटतात, ते मला कळत नाही म्हणून बरं आहे!

गिरणीनं अप्पांचे कान अर्धे नेले आणि छातीत धूळ भरून दिली. म्हातारपणी श्वास पुरेना. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायला सांगितलं. पलंगाशेजारी छोट्या कपाटाएवढं मशीन, त्यातून एक नळी निघते, ती नाकाशी. दिवसरात्र चालू ठेवायचं. आणि मध्येच लाइट गेली, तर हे मशीन असं किंचाळतं — असं किंचाळतं! — की घरातल्यानं हातातलं टाकून धावावं आणि कोपऱ्यातला सिलिंडर लावावा.

घरात मुलगा मल्लिनाथ आणि सून शैलजा. अप्पांना कमी ऐकू येई, म्हणून सगळं घर ओरडून बोलायचं. "मीठ कमी आहेऽऽ!" हे तिसऱ्या घरात कळायचं!

तर एकदा विजेचं बिल आलं. आकड्याशी आपल्याला काम नाही. मल्लिनाथ खुर्चीवरून उठला एवढं पुरे!

"शैला, घरात वीज कोण खातंय, ते मी शोधणार!"

"शोधा की. चोर सापडला तर मला सांगा, त्याला भाकरी टाकायला लावते!"

मल्लिनाथनं प्लगमध्ये बसणारं एक छोटं मीटर आणलं. त्यात फ्रिजची वायर खुपसायची, की फ्रिज किती वीज घेतो तो आकडा दिसतो. लावलं. आकडा आला — जवळजवळ शून्य!

"अगं, फ्रिज काही खातच नाही!"

चहा पिऊन परत पाहतो तर आकडा केवढा तरी!

"अगं, हा तर राक्षस आहे!"

मंडळी, फ्रिज तोच! थंडावा पुरला की त्याचं पोटातलं यंत्र झोपतं, कमी पडला की जागं होतं. झोपलेल्याला पाहिलं तर साधू, जाग्याला पाहिलं तर राक्षस! खरं कधी कळणार? एक सबंध दिवस शेजारी बसलात तर. पण तेवढा वेळ आपण कुणाजवळ बसतो? पाच मिनिटं पाहतो आणि बाहेर येऊन सांगतो, "माणूस कसा आहे ते मला कळलं!"

मल्लिनाथनं मात्र चिकाटी धरली. एकेका वस्तूला दिवस दिला. फ्रिज झाला, मिक्सर झाला, टीव्ही झाला. गिझर, पंखे, दिवे, पाण्याची मोटर यांचा हिशेब त्यांच्या ताकदीवरून मांडला. प्रत्येक आकडा ओरडून जाहीर! "टीव्ही अर्धा युनिटऽऽ!" अप्पा पलंगावरून मान डोलवायचे. त्यांना मजा वाटत होती.

राहिलं काय? अप्पांचं मशीन. मल्लिनाथ छोटं मीटर घेऊन तिकडे वळला, तशी शैलजानं त्याची बाही धरली.

"अहो, त्याला नाही हं लावायचं! काय वाटेल त्यांना? श्वासाचा का कुणी हिशेब करतं?"

"खरं आहे तुझं," तो म्हणाला.

काकू, तुमचंच उत्तर दिलं की नाही शैलजानं? मोजू नये! किती चांगली माणसं!

पण मंडळी, गणिताला बाही नसते धरायला! बाहेरच्या मोठ्या मीटरनं सबंध घराचा दिवसाचा आकडा दिला. मल्लिनाथनं त्यातून मोजलेलं सगळं वजा केलं. उरले किती? सुमारे आठ युनिट. आणि न मोजलेलं एकच! ज्याला मीटर लावलं नाही, त्याचंच माप निघालं!

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मल्लिनाथ कुजबुजला, "उरलं ते सगळं अप्पांचं."

"हळू!" शैलजा म्हणाली.

हळूच होता तो! अगदी हळू! पण अप्पांचा पलंग दाराकडे तोंड करून. आणि अप्पा कोण? साचेखात्यातले!

आलं लक्षात? ओरडून बोललेलं त्यांना अर्धं ऐकू यायचं. कुजबुजलेलं सगळंच्या सगळं कळलं.

आता गंमत पाहा. की शोकांतिका म्हणू? दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या मोठ्या मीटरचा आकडा उतरायला लागला! आधी दिवसाला दोन युनिट कमी. मग आणखी दीड. मल्लिनाथ हरखला.

"मी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला ना, त्याचा गुण!"

"फ्रिजचा कसला गुण? मी टीव्हीचा खटका भिंतीवरून बंद करते आता. तुमच्यासारखी रिमोटनं नाही!"

श्रेयावरून भांडण! आणि त्याच घरात, त्याच दिवसांत, अप्पांचं डोकं दुखायला लागलं. दिवसा गुंगी. मल्लिनाथला ते "शिवलिंग" म्हणून हाक मारू लागले. शिवलिंग म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ, जाऊन किती वर्षं झालेली! "शिवलिंगा, गिरणीची पाळी सुटली का रे?"

डॉक्टर येऊन गेले. "मशीन चालू असतं ना?"

"रात्रंदिवस!" शैलजा म्हणाली. खोटं बोलत नव्हती ती. ती जेव्हा जेव्हा खोलीत जायची, तेव्हा मशीन चालूच असायचं!

डॉक्टर बुचकळ्यात. औषध बदललं, उतार नाही. मंडळी, एका भिंतीवर आकडा उतरतोय, दुसऱ्या भिंतीशी माणूस उतरतोय, आणि दोन भिंतींमध्ये उभी असलेली ही दोन शहाणी माणसं! एकालाही दोन गोष्टी एकत्र ठेवाव्याशा वाटल्या नाहीत. का वाटाव्यात? एक हिशेब होता, दुसरी काळजी. आपण दोन्ही वेगवेगळ्या फळीवर ठेवतो ना!

मग एका दुपारी लाइट गेली. शैलजा दाण्याचं कूट करत होती, मिक्सर थांबला. सवयीनं ती उठली, सिलिंडर लावायला. आणि दारातच थबकली. काहीतरी चुकतंय. काय? घर शांत आहे. शांत का आहे?

लाइट गेली — मग मशीन किंचाळलं का नाही?

धावली! अप्पा पलंगावर, नळी नाकाशी अगदी व्यवस्थित लावलेली, ओठ निळसर. आणि मशीनचं बटण? बंद! लाइट जायच्या आधीपासून बंद! एकटे असले की अप्पा ते बंद ठेवायचे, आणि दाराशी सावली दिसली की दाबून चालू करायचे. आज तेवढंही भान उरलं नव्हतं.

तिनं सिलिंडर लावला. मल्लिनाथला फोन केला. तो बाजारातल्या अडतीच्या दुकानातून, कामावरून तसाच धावत आला. हळूहळू ओठांवर रंग परतला. शैलजानं मोठ्यानं विचारलं — मोठ्यानंच, दुसरं येत कुठे होतं! — "अप्पा, का केलंत हो असं?"

अप्पा म्हणाले, "पोरी, माग रिकामा चालवला तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आमची खरडपट्टी काढायचा. मी नुसता पडून असतो, माझ्याकडून उत्पादन काय? चाललो-फिरलो तर हवा लागेल. पडल्यावर कशाला?"

"अहो, पडल्यावरही श्वास लागतोच ना!"

"असेल. मला नीट कळत नाही हल्ली." मग थांबून मल्लिनाथकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला ओळखलं. "मल्ल्या, सगळ्यांचं मोजलंस. मिक्सरचंसुद्धा! माझंच नाही मोजलंस. म्हटलं, आकडा इतका वाईट असेल की पोराच्या तोंडून निघत नाही."

मंडळी, सांगा आता! कुणाचं चुकलं? मल्लिनाथ मोजत होता, त्याचं? शैलजा प्रेमानं मोजू देत नव्हती, तिचं? मी पुन्हा पुन्हा विचार केला. मला अजून नेमकं सांगता येत नाही.

लाइट आली. मल्लिनाथ उठला आणि ते छोटं मीटर घेऊन आला. या वेळी शैलजानं बाही धरली नाही. तिनं प्लग काढून हातात दिला. मीटर लागलं, मशीन सुरू झालं. अप्पा आकड्याकडे टक लावून बघत होते. सबंध दिवस मीटर तिथेच राहिलं, आणि दोघं आळीपाळीनं शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ खच्चून ओरडला:

"अप्पाऽऽ! साडेआठ युनिटऽऽ!"

"एवढंच?" अप्पा म्हणाले. "मला वाटलं वीस-पंचवीस तरी खात असेन! अरे, मग चालू दे की!"

अप्पा थोडे सावरले. सगळे नाही. अजूनही मल्लिनाथला मधूनच शिवलिंग म्हणतात, आणि तोही आता ओ देतो. पण बटणाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

तुमच्या घरी कुणाचा विषय निघाला की आवाज खाली येतो? आईच्या औषधांचा? घरी बसलेल्या भावाचा? माहेरी परत आलेल्या मुलीचा? "त्यांना कळू नको देऊ" म्हणता, आणि स्वतःला दयाळू समजता. ते माणूस तुमच्या ओठांकडे बघत बसलेलं असतं! आकडा त्याला पेलतो हो. तो दडवून ठेवल्यानं जो मनातल्या मनात वाढत जातो, तो पेलत नाही.

मोजायचं असेल तर त्याच्या समोर मोजा, त्याच्या शेजारी बसून मोजा, आणि जे निघेल ते खणखणीत सांगून लगेच म्हणा — "चालू दे!" काकू, हे उत्तर बरोबर आहे का? मान हलवू नका, घरी जाऊन करून बघा आणि मला सांगा.

आता टाळ उचला, मंडळी. आणि हरीचं नाव घ्याल ते मोठ्यानं घ्या. त्याच्याशीही कुजबुजायला नको!