रस्त्यापलीकडची भट्टी

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती वकीलबाई आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

आमच्या काचेच्या कारखान्यावरचा दंड आज दुपारी अपिलात रद्द झाला. बातमी मला आत्ता सभागृहाच्या दारात कळली, आणि दिली कुणी? ज्यांनी तो दंड ठोठावला, त्या करअधिकारी साहेबांनीच. ते मागच्या रांगेत बसलेत. साहेब, पुढे या, खुर्ची रिकामी आहे.

हिशेबात कर बुडवल्याचा ठपका होता, आणि दंड न भरल्यास कारखान्याला टाळं लागणार होतं. काचेची भट्टी विझली की आतलं काच वितळवायचं भांडं तडकतं. म्हणजे आमचा कारभारच आटोपला असता. मी बाईंकडे धावलो. "हिशेब चोख आहे, एवढं सांगा त्यांना."

"सांगू हो भट्टीवाले. आधी जागा दाखवा."

जागा पाहिल्याशिवाय बाई सुनावणीला उभ्या राहत नाहीत, हे आपण जाणताच. भर दुपारी त्या आमच्या रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबल्या. एक ट्रकवाला ओरडला, "आजी, घरी कुणी वाट बघत नाही का?"

"बघतायत. पण हद्द बघू दे आधी."

आमचं दुकान रस्त्याच्या अलीकडे. भट्टी आम्ही गेल्या वर्षी पलीकडे नेली, कर कार्यालयाला रीतसर कळवून. कर खात्याच्या दोन विभागांची हद्द नेमकी त्याच रस्त्यातून जाते, आणि साहेबांचा विभाग अलीकडचा. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुनावणीत बाईंनी हिशेबाचा विषयच काढला नाही. विचारलं, "साहेब, पलीकडच्या भट्टीला दंड करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?"

"मी या खुर्चीवर बसलोय ना, बाई?"

"खुर्ची आपलीच. तिचा हुकूम रस्ता ओलांडतो का, तेवढं दाखवा."

साहेबांनी नकाशा मागवला. बराच वेळ पाहिला. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या खात्याला कुणी इतक्या हळू आवाजात थांबवू शकतं? मग साहेब म्हणाले, "आदेश मला मागे घेता येणार नाही. अपील करा. हा नकाशा मी फायलीला लावतो." आणि लावला, हेही मोठेपणाच; त्याच नकाशावर आज दंड रद्द झाला.

बाई आजपासून वकिली थांबवतायत. त्या म्हणतात, आता पलीकडच्या विभागाची नोटीस येईल. त्या विभागाला तसा अधिकार आहे. मी विचारलं, "मग माझ्याबरोबर कोण?"

"हिशेब चोख आहे ना? मग माझं काय काम?"

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. नोटीस पुढच्या महिन्यात येईल असं दिसतं. मी एकटा जाणार आहे.